चाकूचे पाणी आणि आपली कला शाखा

मराठीत 'शिकल' असा एक शब्द आहे. बोलण्यातून तो जवळजवळ गेला. कोशात आहे, आणि आडनावात मात्र अजून ठणठणीत आहे. शिकलगार! या आडनावाचा एखादा विद्यार्थी आपल्या वर्गात असतो. रोज हजेरीला त्याचे नाव पुकारले जाते; पण त्या नावाचा अर्थ काय, असे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. मूळ शब्द अरबी, 'सैकल'. म्हणजे घासून आणलेली चकाकी. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि हत्यारांना धार लावून, घासून, उजळून देणारा माणूस शिकलगार झाला. सुतार, सोनार, कुंभार यांच्यासारखेच हे नाव कामावरून पडलेले आहे. फरक एवढाच की सुतार काय करतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि शिकलगार काय करीत असे हे एम. ए. झालेल्यालाही सांगता येत नाही.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे घडीचा चाकू. आपल्या काही मित्रांना जाड पात्याचे, मजबूत, घडी घालून खिशात ठेवायचे चाकू घेऊन ते घासण्याचा, त्यांच्या मुठी बदलण्याचा छंद लागला आहे. त्यावरून दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, ही गुंडगिरीची पहिली पायरी. दुसरा म्हणतो, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर! मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माझे म्हणणे असे की, चाकू हाताजोगा करून घेणे हे शिकण्यासारखे आणि शिकवण्यासारखे काम आहे. ज्या इमारतीच्या पाटीवर 'कला' असा शब्द रंगवलेला आहे, त्या इमारतीत ते शिकवले गेले पाहिजे. आणि ज्यांना ते येते ती माणसे आपल्या आसपासच आहेत.

आधी चाकूविषयी. किल्लारीच्या पंचक्रोशीत खिशात चाकू असणे यात नवल ते काय? ठिबकची नळी कापायची असते, खताच्या पोत्याची सुतळी तोडायची असते, मोटारीच्या स्टार्टरची वायर सोलायची असते, आणि काही नसले तरी बांधावर बसून उसाचे कांडे सोलायचे असते. आजोबांच्या पानाच्या चंचीत अडकित्ता असे. तोही घडीचेच हत्यार, आणि त्याच्या पितळी दांड्यावर मोर काढलेला असला तर कोणी त्याला गुंड म्हणत नसे. हल्ली बाजारात मिळणारे घडीचे चाकू दिसायला झकपक असतात. पात्यावर मुलामा, मुठीवर प्लॅस्टिक, वर एखाद्या परदेशी सैन्याचे नाव. चार महिन्यांत मुलामा सुटतो, खिळा ढिला होतो आणि पाते मुठीत डगडग हलू लागते. मग आपण तो फेकून देतो. फेकून न देता तो उघडून पाहणे, इथून हा उद्योग सुरू होतो.

उघडणे म्हणजे खरोखरच उघडणे. स्क्रू असतील तर मूठ सुटी होते. रिव्हेट असेल तर ती काढण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. काढलेली रिव्हेट पुन्हा ठोकून बसवणे हे वेगळेच काम आहे आणि ते जमले नाही तर चाकू गेला. आत काय सापडते? माती, तंबाखूची पूड, वाळलेले तेल, गंज. डिझेलमध्ये भिजवून जुन्या दातघासणीने घासले की सगळे निघते. पात्यावरचा वरवरचा गंज काढायला आपल्या स्वयंपाकघरातली चिंचही चालते. तांब्या-पितळेची भांडी ज्या न्यायाने उजळतात तोच न्याय. मात्र चिंचेचे आंबट पाणी लोखंडावर राहू देता कामा नये. लगेच धुवावे, पुसून कोरडे करावे, तेलाचे बोट फिरवावे.

मग पॉलिश पेपर. इथे उतावळ्यांची परीक्षा होते. दोनशे वीस नंबरचा कागद, मग चारशे, मग आठशे, मग दीड हजार. आकडा वाढतो तसा कागद बारीक होतो. नियम साधा आहे: एका कागदाने उभे घासले तर पुढच्याने आडवे घासायचे, आणि आधीचा एकही उभा ओरखडा दिसेनासा होईपर्यंत पुढे जायचे नाही. ज्याने दोनशेवीसचे काम अर्धवट सोडून दीड हजाराचा कागद घेतला, त्याला आरसा मिळतो, पण ओरखडे पडलेला. मागे जाऊन पुन्हा सुरुवात करण्याखेरीज त्याला उपाय नाही. शेवटी जाड चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशची लुगदी लावून पाते ओढायचे. हे सगळे हाताने, पाण्याचा थेंब देत देत करायचे. सुटीचा एक दिवस सहज जातो, खांदा दुखतो, बोटे काळी होतात. पण दिवस मावळताना पात्यात आपल्या नाकाचे टोक दिसू लागते.

ही चकाकी नुसती शोभेची नाही. खरखरीत पात्याच्या बारीक खाचांत ओल धरून राहते आणि तिथून गंज चढतो. गुळगुळीत पात्यावर ती धरत नाही. मुलाम्याचे तसे नसते. मुलामा वरून चढवलेला असतो, तो आतले दोष झाकतो. शिकल म्हणजे वरचे काढून टाकीत आत जाणे. त्यामुळे घासणाऱ्याला पाते वाचता येऊ लागते: इथे कारखान्यातल्या चाकाने खड्डा पाडला आहे, इथे पाते एका बाजूला झुकले आहे, इथे पोलाद मऊ राहिले आहे. आणि काही जागा अशा असतात की तिथे कागद लावायचाच नाही. उघडलेले पाते ज्या खाचेत अडकून बसते ती खाच आणि खटक्याचे टोक यांना चकचकीत करण्याच्या नादात केसभर जरी झिजवले, तरी खटका नीट बसत नाही आणि काम करताना पाते बोटांवर मिटते. छंदाच्या भरात अनेकजण नेमके हेच करतात. कुठे थांबायचे हे कागदाच्या पाकिटावर छापलेले नसते.

मुठीची गोष्ट तर आपल्या मातीचीच आहे. बाभूळ घट्ट आणि चिवट; औतकाठीला तीच लागते. शिसम देखणे, जड. चिंचेचे लाकूडही चांगले; मात्र ओले वापरले तर वाळताना तडकते. लाकूड कापून, कानशीने घासून, आपल्या मुठीत धरून पाहात पाहात त्याला आकार द्यायचा. माझ्या तळहाताला बसलेली मूठ तुमच्या तळहाताला बसणार नाही, आणि हेच तर त्या कामाचे सुख. वरून तेल कोणते लावायचे? येथे बरेचजण घरातले शेंगतेल लावतात आणि मूठ महिनाभर चिकट राहिली म्हणून कुरकुरतात. शेंगतेल वाळत नाही. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते. करडईचे तेलही वाळणाऱ्या तेलांत मोडते. जवस आणि करडई! मराठवाड्याच्या रब्बीची ही दोन जुनी पिके. आपल्या आज्या त्यांची चटणी आणि तेल खात होत्या, सुतार-लोहार त्यातलेच थोडे तेल लाकडाला पाजत होते. आता दोन्ही पिकांच्या जागी रानात हरभरा आणि सोयाबीन दिसते. असो.

पण घासण्याच्या या कामात एक गोष्ट अशी आहे की ती पुस्तकातून समजून घेता येते आणि तरीही कळत नाही. तिला आपल्या भाषेत 'पाणी' म्हणतात. लोहार पाते लालबुंद करून पाण्यात बुडवतो, तेव्हा पोलाद कडक होते. इतके कडक की दगडावर पडले तर काचेसारखे तुटेल. म्हणून ते पुन्हा हलके तापवायचे, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. या दुसऱ्या तापण्यात उजळलेल्या पात्यावर रंग चढत जातात: आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, साधारण सव्वादोनशे अंशांना, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. चाकूचे पाते पिवळ्या-तपकिरीवर थांबवायचे. निळ्यावर गेले की धार टिकत नाही. आता हेच पाते कोणी हौशी माणसाने विजेच्या ग्राइंडरवर दाबून धरले, की ठिणग्यांच्या आतषबाजीत पात्याच्या कडेला निळी झाक येते. पाते दिसायला सुरेख झालेले असते, पण त्याचे पाणी उतरलेले असते. माणसाचे पाणी उतरले, तलवार पाणीदार होती, असे आपण निबंधात सहज लिहून जातो. ही भाषा आपल्याला भट्टीजवळ बसणाऱ्या माणसाने दिलेली आहे.

ही भट्टीजवळची माणसे कोण? गावोगावचा लोहार हा बलुतेदार. आणि दुसरे फिरते लोहार, म्हणजे घिसाडी. गावाबाहेर पाल पडे, बाई घण मारी, पुरुष सांडशीने लोखंड फिरवी आणि पोर भाता हलवी. मालमोटारीच्या कमानीचा टाकून दिलेला पाटा घेऊन त्याचा विळा, खुरपे, कुऱ्हाड करणारे हे लोक. धातुशास्त्राच्या पुस्तकात त्या पाट्याला उत्तम दर्जाचे स्प्रिंगचे पोलाद म्हणतात. घिसाड्याला ते त्याच्या आवाजावरून कळते. घिसाडी आणि शिकलगार या दोहोंची नावे महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. म्हणजे सरकारदरबारी त्यांची नोंद 'मागास' या सदरात आहे. आर्थिकदृष्ट्या ती बरोबरच आहे आणि सवलत मिळालीच पाहिजे. परंतु विद्येच्या बाबतीत कोण कोणाच्या मागे आहे, हा प्रश्न त्या यादीने सुटत नाही.

आणि ही विद्या काही गावकुसाबाहेरच्या कोपऱ्यातली नव्हे. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद संस्थानच्या मुलखात होतो. या गावात मुशीत वितळवून जे पोलाद होई ते नेण्यासाठी इराणातल्या इस्फहानहून व्यापारी येत. एकोणिसाव्या शतकात व्हॉयसी नावाच्या इंग्रजाने हे पाहून लिहून ठेवले, ते १८३२ साली छापलेले आहे. या जातीच्या पोलादाला इंग्रजीत 'वूट्झ' म्हणतात. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. तिला जौहर म्हणत. ही नक्षी कोणी कोरलेली नसे. ती पोलादाच्या घडणीतच असे. पण भट्टीतून निघालेल्या काळ्या पात्यावर ती दिसत नसे. शिकलगाराने पाते घासून उजळले आणि त्याला तेजाबी पाणी दिले, की ती वर येई. पोलाद बनवणारा एक, पाते घडवणारा दुसरा आणि त्याचे जौहर दाखवणारा तिसरा. जौहर या शब्दाचा दुसरा अर्थ रत्न आणि तिसरा अर्थ गुण. गुण पारखणाऱ्याला आपण जव्हेरी म्हणतो. शिकलगाराला काय म्हणतो, ते वर आलेच आहे.

या दख्खनी पोलादाचे रहस्य उकलायला लंडनमध्ये ज्यांनी प्रयोग केले त्यात मायकेल फॅरडे होता. १८१९ पासून तीनेक वर्षे त्याने पोलादावर काम केले. विजेतल्या शोधांमुळे जगाला तो ठाऊक आहे, पण हे काम त्याआधीचे. त्याच्या जोडीला होता जेम्स स्टोडार्ट, धंद्याने चाकू-कात्र्या बनवणारा कारागीर. आणि फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. एक चाकूवाला आणि एक लोहाराचा पोर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत बसून आपल्या मुलखातल्या कारागिरांच्या पोलादाचे कोडे सोडवीत होते! त्यांच्या नावाने निबंध छापले गेले. कोनासमुद्रम्‌च्या भट्टीवाल्यांची नावे कुठे छापली गेली नाहीत.

नांदेडला जाणारे आपण पुष्कळ आहोत. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ साली तेथे देहावसान झाले. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात तेथे तख्ताची इमारत उभी राहिली. तेथे शस्त्रे जतन केलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास तख्त-स्नान होते. गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतात आणि शस्त्रे उजळतात. म्हणजे हत्यार घासणे ही तेथे सेवा आहे. त्याच शहरात शिकलीगर शिखांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज गुरूंच्या फौजेची शस्त्रे घडवीत व उजळीत आणि त्यांना हे नाव खुद्द गुरूंनीच दिले, असे शीख परंपरा सांगते. त्यांच्यातले काहीजण आजही कृपाणी घडवतात, काहीजण कढया-बादल्या करतात, कुलुपे दुरुस्त करतात, सायकलच्या चाकावर साण बसवून गल्लोगल्ली धार लावत फिरतात. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानातली चकचकीत कृपाण आपण हौसेने घेऊन येतो. ती घासणाऱ्याच्या वस्तीत मात्र आपण पाऊल टाकत नाही, आणि तो आपल्या गल्लीत आला तर 'इथे काय फिरतोस' असे विचारतो. हत्याराची पूजा करायची आणि हत्यारवाल्याचा संशय घ्यायचा!

शिखांचे सोडा, आपल्याकडे खंडेनवमी असते. त्या दिवशी विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना पाणी घालतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. किती घरांत त्या दिवशी विळ्याला धार लावली जाते? उलट, ओल्या हळदीकुंकवासकट रात्रभर ठेवलेला विळा सकाळी गंजाच्या ठिपक्यांनी भरलेला असतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही घरी पाहून घ्यावी. पूजा झाली, पण शिकल राहिली.

किल्लारीत बसून हे लिहिताना एक हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झाले ते इथल्या कोणाला नव्याने सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकजण त्यानंतर जन्मलो आणि नव्या किल्लारीतच वाढलो. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना माप ठरले ते जमिनीवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला चारशे, आणि सात हेक्टरांपेक्षा जास्त जमीन असणाऱ्याला साडेसातशे. संकट एवढे प्रचंड होते की काहीतरी माप लावावेच लागणार होते. त्यात घाई झाली म्हणून कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण मापाची पट्टी पाहा. ज्याच्याकडे रान नाही, ऐरण आहे, तो या पट्टीवर भूमिहीन. अडीचशे चौरस फुटांत चूल मांडायची, माणसे झोपवायची आणि भट्टी कुठे लावायची? जुन्या गावात लोहाराची भट्टी ही चार माणसांची बसायची जागा होती; औत शेवटायला आलेला माणूस तिथे बातमी सांगत बसे. नव्या गावात रस्ते सरळ झाले, रुंद झाले, आणि त्यांच्या आखणीत या बसायच्या जागेला रकाना नव्हता. जमिनीने माणूस मोजला की हातातली विद्या शून्य भरते. ती पट्टी एकट्या सरकारची नाही. लग्न जमवताना आपण तीच वापरतो आणि वर्गात मित्र निवडतानाही.

आता गुंडगिरीवाल्या पक्षाला उत्तर द्यायला हवे, कारण त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. घडीच्या चाकूचे नाव खराब केले ते सिनेमाने. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमार आणि तो चाकू पाहून पिढ्यान् पिढ्या पोरांनी आरशापुढे नक्कल केली. उत्तर प्रदेशातले रामपूर त्या चाकूपायीच देशभर ओळखले गेले. २०२३ साली त्या शहराने चौकात वीस फूट उंचीचा चाकू उभारला. हौसेला मोल नाही! परंतु कायद्याचे म्हणणे आपल्या समजुतीपेक्षा बरेच शहाणपणाचे आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालचे आजचे नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे त्यात शस्त्र म्हणून धरलेली आहेत. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. शिखांना कृपाण बाळगण्याचा हक्क तर राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातच लिहिलेला आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात. ते लागू असताना चाकूच काय, काठीही घेऊन फिरता येत नाही. तेव्हा ज्याला चाकू घासायचा आहे त्याने तो घरी किंवा रानात घासावा. महाविद्यालयात, एस. टी.त, जत्रेत मिरवू नये. पाते लांब करण्याचा, बटण दाबताच उघडणारा खटका बसवण्याचा उद्योग तर कधीच करू नये. ज्याला तेच करायचे आहे त्याला शिकलीत रस नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांतल्या भीतीत आहे. अशा मुलाला मी मित्र म्हणणार नाही. पण एक विचारतो: चाकूने दरारा बसवू पाहणारा मुलगा कधी आठशे नंबरचा कागद घेऊन चार तास बसेल काय?

राहिला दुसरा पक्ष, 'रिकामटेकडा उद्योग' म्हणणारा. हा पक्ष जास्त मोठा आहे आणि त्यात आपले काही आदरणीय प्राध्यापकही आहेत, म्हणून जरा जपून लिहितो. आपण पदवीसाठी तीन-चार वर्षे जे करतो त्याला कला म्हणतात. त्यात इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, मराठी आहे, राज्यशास्त्र आहे. हे सगळे उत्तम आहे. परंतु या सबंध काळात हातांना लिहिण्यापलीकडे एकही काम मिळत नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. वर्धा आपल्याच राज्यात आहे. त्या विचारातली टकळी आपण वर्षातून एकदा गांधीजयंतीला, भाषणापुरती काढतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत असे म्हटले आहे. तिथे उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार यांची नावे आली, लोहाराचे राहिले. २०२३ च्या १७ सप्टेंबरला, आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो त्याच दिवशी, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत मात्र लोहारही आहे आणि शस्त्रे बनवणारा अस्त्रकारही आहे.

पण आपल्या कामाचा कागद निराळाच आहे. २०२३ सालीच विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थानिक कलाकार आणि कारागीर यांना उच्च शिक्षणसंस्थांनी आपल्याकडे बोलवावे, त्यांना 'कलागुरू' म्हणावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. या सदराखाली आपण कोणाला बोलावणार? मला भीती अशी की आपण सुगम संगीत गाणाऱ्यांना बोलावू, रांगोळी काढणाऱ्या ताईंना बोलावू. त्यांनाही अवश्य बोलवावे. पण पहिला मान नांदेडच्या एखाद्या शिकलीगराला किंवा आपल्या भागात पाल टाकून असलेल्या घिसाडी जोडप्याला मिळावा, अशी माझी मागणी आहे. जोडप्याला म्हणतो, कारण घण बाई मारते. मानधन दोघांना स्वतंत्र हवे. आणि त्यांनी प्रात्यक्षिक दाखवून, शाल-श्रीफळ घेऊन निघून जावे असे नको. सत्कार ही शिकणे टाळण्याची आपली आवडती रीत आहे. सात दिवस त्यांनी शिकवावे, आपण शिकावे, आपल्या हाताने बिघडवावे आणि त्यांनी रागवावे.

यात इतिहासवाल्यांना दख्खनच्या पोलादाचा धडा आहे, मराठीवाल्यांना 'पाणी', 'जौहर', 'साण' हे शब्द मुळातून कळतील, समाजशास्त्रवाल्यांना भटक्या जमातींवर प्रबंध लिहिण्याआधी त्यांच्यातल्या कोणाशी तरी बोलता येईल. प्राध्यापकांनीही कागद हातात धरावा. साठ विद्यार्थ्यांपुढे आपला ओरखडा पुसला जात नाही हे अनुभवणे त्यांनाही वाईट जाणार नाही, असे नम्रपणे सुचवतो.

जागा म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर सोयीचे पडेल. १९६९ पासून ही योजना चालू आहे. आपल्या शिबिरात रस्ता झाडणे, शोषखड्डा खणणे आणि रात्री व्याख्यान ऐकणे हा क्रम ठरून गेलेला आहे. त्यातले एखादे व्याख्यान कमी करावे. पहिले दोन दिवस नुसत्या धारेचे, गावातली खुरपी आणि विळे गोळा करून. तिसऱ्या दिवशी भट्टी आणि पाणी. मग लाकूड, मूठ, जवसाचे तेल. घडीचा चाकू अगदी शेवटी, आणि तोही ज्याने आधी दहा खुरपी लावून दिली असतील त्यालाच. सामान फारसे लागत नाही: पॉलिश पेपर, दोन-तीन कानशी, धारेचा दगड, चामड्याचे तुकडे, थोडा कोळसा. मानधनाच्या पावतीवर शैक्षणिक पात्रतेचा रकाना असतो, त्यात काय लिहायचे ते कार्यालयाने आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे त्या माणसाला खिडकीपाशी ताटकळावे लागणार नाही. गिऱ्हाईक शोधायला तर कुठेच जायला नको. शिबिर भरते तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, आणि उसाच्या फडात कोयत्याला रोज धार लागते.